पेन ऑनलाइन: सिस्टीम चांगली आहे, पण पलीकडे उत्तर द्यायला माणूस हवा ना

प्रिकर्सर केमिकल्सच्या, म्हणजे ज्यांपासून ड्रग्जही बनवता येतात अशा केमिकल्सच्या एक्स्पोर्टमध्ये असाल तर ‘पेन ऑनलाइन’ (असा माल निघायच्या आधी एका देशाच्या सरकारनं दुसऱ्याला कळवायची ऑनलाइन सिस्टीम) हे नाव कधीतरी कानावर येतंच, आणि बहुतेक वेळा माल अडकल्यावरच येतं, त्यामुळे त्याच्याबद्दल चांगलं बोलणारं कुणी फारसं भेटत नाही. मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करते. लॉगिन फक्त सरकारी अधिकाऱ्यांना मिळतं, म्हणजे मला दिसतं ते बाहेरूनच, पण परिणाम रोज दिसतात म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हेरॉइनला अ‍ॅसिटिक अनहायड्राइड लागतं, मेथ या ड्रगला एफेड्रिन किंवा सुडोएफेड्रिन, कोकेनला पोटॅशियम परमँगनेट, आणि गंमत नाही, खरी अडचण इथेच आहे की अ‍ॅस्पिरिन, सर्दीच्या गोळ्या, पाण्याचं शुद्धीकरण यालाही हीच केमिकल्स लागतात, त्यामुळे सरसकट बंदी घालता येत नाही. मग अमली पदार्थांविरुद्धच्या १९८८ च्या यूएन करारात कलम १२ आलं, की माल निघायच्या आधी पाठवणाऱ्या देशानं घेणाऱ्या देशाला कळवायचं, काय, किती, कोणाकडून, कोणाला. पूर्वी हे फॅक्सनं चालायचं. २००६ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळानं, म्हणजे आयएनसीबीनं, ते ऑनलाइन आणलं, सरकारांना पूर्ण फुकट, आणि आता दीडशेच्या वर देश त्यावर आहेत. गरीब देशाला स्वतःचं सॉफ्टवेअर बनवायला लागत नाही, इंटरनेट आणि एक माणूस पुरतो. ही गोष्ट मला मनापासून आवडते.

आणि ते काम करतं! फसवणुकीची ठरलेली पद्धत असते, एखाद्या खऱ्या औषध कंपनीच्या नावानं खोटं परमिट बनवून ऑर्डर द्यायची. नोटिफिकेशन गेलं की तिकडचा अधिकारी त्या कंपनीला फोन करतो, कंपनी सांगते आम्ही असली ऑर्डर दिलीच नाही, आणि शिपमेंट निघायच्या आधीच थांबते. ड्रम एकदा चुकीच्या हातात पडल्यावर जंगलात लॅब शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

आता जिथे मार्क कापले ते. पलीकडचा देश गप्प बसला तर काय? नोटिफिकेशनवर उत्तराची मुदत असते, ती उलटली आणि हरकत आली नाही तर माल बऱ्याचदा सुटतो. किंवा उलटं होतं, इकडचा अधिकारी काळजी घेणारा असला तर उत्तर येईपर्यंत सोडतच नाही आणि अगदी सरळ धंदा करणारी पार्टी लटकते, आमचं एक कन्साइनमेंट असंच पडून राहिलं होतं आणि तिकडे चौकशी केली तर कळलं की त्या खात्यात हे बघणारा एकच माणूस, तोच लायसन्स देतो, तोच इन्स्पेक्शनला जातो, तोच मीटिंगला. अशा माणसाला दोष कसा देणार? अजून एक, जे फार लोकांना माहीत नसतं. नोटिफिकेशन मिळण्याचा पक्का हक्क आपोआप येत नाही, कलम १२ च्या १०(अ) खाली त्या देशानं यूएन सरचिटणीसांकडे तशी मागणी नोंदवावी लागते. बऱ्याच देशांनी ती केलीय, सगळ्यांनी अजून नाही. एका पत्राचं काम आहे हो, ते तरी राहू नये.

मग यादीचा प्रश्न. सिस्टीम मुळात त्या यूएन कराराच्या यादीतल्या केमिकल्ससाठी आहे आणि ड्रग बनवणारे यादीत नसलेलं भावंड शोधून काढतात. फेंटानिल या अतिशय जहाल ड्रगला लागणारी एनपीपी आणि एएनपीपी ही केमिकल्स २०१७ मध्ये यादीत आली, लगेच दुसरे रस्ते निघाले, २०२२ मध्ये अजून तीन घालावे लागले. २०१२ पासून पिक्स नावाचं जोड-व्यासपीठ आहे, त्यावर यादीबाहेरच्या संशयास्पद मालाची माहितीही देश एकमेकांना देतात, ते चांगलंय, पण माहिती टाकायची तर आधी ड्रममध्ये काय आहे ते तपासता आलं पाहिजे, आणि बॉर्डरवर टेस्टिंगचं साधनच नसेल तर कस्टम्सवाला लेबलवर विश्वास ठेवणार, दुसरं करणार काय.

शिवाय देशातल्या देशात वळवलेला माल, रात्री डोंगरातून सीमा ओलांडणारा ट्रक, हे इथे दिसतच नाही. म्यानमारच्या शान राज्यात २०२० मध्ये ३,७०० लिटरहून जास्त मिथाइलफेंटानिल (फेंटानिलचाच एक प्रकार) सापडल्याचं जाहीर झालं. इतकं बनवायला लागणारी केमिकल्स कुणी नोटिफिकेशन देऊन नेत नाही.

५ पैकी साडेतीन. उरलेले दीड सॉफ्टवेअरचे नाहीत, मदत देणाऱ्या देशांचे कापलेत. मदतीत बोटी, गाड्या, स्कॅनर येतात, उद्घाटनाचे फोटो निघतात, पण त्या एका टेबलावर दुसरा माणूस बसवायला आणि त्याचा पगार पाच-सात वर्षं चालवायला पैसे कुठून आणायचे? मला विचाराल तर पहिला खर्च तिथे व्हावा, दुसरा लॅबवर.

आणि एक्स्पोर्टवाल्यांनो, सरकारी उत्तराची वाट बघत बसू नका. नवी पार्टी असेल तर परमिटवर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, परमिट खोटं असेल तर तो नंबर फसवणाऱ्यांनीच छापलेला असतो, खरेदीदार कंपनीचा नंबर वेगळीकडून मिळवा, थेट त्यांच्या खरेदी विभागाशी बोला आणि महिन्याला किती लागतं, कशासाठी लागतं ते विचारा. खऱ्या कारखान्यात हे सांगायला कुणी अडखळत नाही.