कोस्टा रिका: पॅसिफिकचा किनारा की कॅरिबियनचा?

मध्य अमेरिकेतल्या या देशाच्या राजधानीहून, सान होसेहून, पश्चिमेला उतरलात की पॅसिफिक, पूर्वेला उतरलात की कॅरिबियन. हाताशी आठवडाच असेल तर दोन्हींच्या मागे धावू नका, एकच किनारा धरा. आणि फोटो बघण्याआधी कॅलेंडर बघा.

डिसेंबर ते एप्रिल पॅसिफिककडे पाऊस जवळजवळ नसतो. तिथले लोक या दिवसांना ‘वेरानो’, म्हणजे चक्क उन्हाळा म्हणतात. तामारिंदोला समुद्रात बुडणारा सूर्य रोज हमखास. पण वायव्येचा ग्वानाकास्ते प्रांत तेव्हा हिरवा नसतो. गवत वाळलेलं, झाडं उघडीबोडकी, सगळीकडे फुफाटा; आपल्याकडचं एप्रिलमधलं माळरानच म्हणा. घनदाट जंगल डोक्यात घेऊन गेलेली मंडळी इथे हिरमुसतात. मला हा रखरखाट आवडतो, कारण त्याच दिवसांत कुंपणांवरचं गिरिपुष्प गुलाबी फुलतं. हो, आपले शेतकरी हिरवळीच्या खतासाठी बांधावर लावतात तेच. ते मूळचं याच भागातलं. त्याच्या फांद्या ओळीने रोवायच्या, फुटवा आला की तार ठोकायची, झालं जिवंत कुंपण. पलीकडे घोड्यावरून गुरं राखणारे ‘साबानेरो’. मे महिन्यात दुपारच्या सरी सुरू झाल्या की हेच डोंगर बघता बघता हिरवे होतात.

कॅरिबियनकडे असा सरळ हिशेब नाही. तिथे पाऊस कधीही येतो आणि छत्री नेहमी पिशवीत. गंमत अशी की पॅसिफिक झोडपून निघत असतो त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इकडे बरीच उघडीप मिळते. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर मी डोळे मिटून इकडेच धाडेन.

माणसांचं रोजचं जगणं बघायचं असेल तरीही इकडेच. एकोणिसाव्या शतकात रेल्वे बांधायला जमैकाहून आलेल्यांचे वंशज लिमोन प्रांतात राहतात. घरात त्यांची क्रिओल, म्हणजे सरमिसळ झालेली इंग्रजी, दुकानात स्पॅनिश. पॅसिफिककडे सकाळी ‘गायो पिंतो’, म्हणजे शिळा भात आणि घेवडा परतून. इकडे तोच भात-घेवडा नारळाच्या दुधात शिजतो. कोकणी माणसाला वासावरूनच घरी आल्यासारखं वाटेल. रस्त्याकडेला कोयत्याने शहाळं सोलणारा माणूस ‘पीपा’ म्हणून हाक मारतो, एवढाच फरक.

काहुइतात समुद्राला लागून राष्ट्रीय उद्यान आहे. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला झाडावर गाठोड्यासारखा लटकलेला स्लॉथ हा संथ प्राणी. पॅसिफिकच्या मान्युएल आंतोनियोतही तो दिसतो, पण तिथे गर्दी फार; शिवाय ते मंगळवारी बंद.

कॅरिबियनची एकच खोड: लिमोनला जाणारा ३२ क्रमांकाचा रस्ता डोंगरातून जातो, आणि जोराच्या पावसात दरड कोसळली की बंद पडतो. परतीचं विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशीच सान होसे गाठा. लहान मुलं, वयस्क आईवडील आणि मोजून चार दिवस असतील, तर मात्र जानेवारीत मुकाट्याने पॅसिफिक.