‘पूर्ण ॲक्सेसिबल’ म्हणून गळ्यात मारलेला ऑडिओ इंटरफेस

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणारं कुणी ऑडिओ इंटरफेस घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मला ज्या पद्धतीने गंडवलं, त्यात उघड खोटं फारच थोडं होतं. म्हणूनच ती पद्धत इतरांवरही चालेल.

मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, अधूनमधून गाणाऱ्यांचंही रेकॉर्डिंग करते. विंडोज, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, रेकॉर्डिंगसाठी रीपर आणि रीपरला बोलतं करणारी ओसारा ही जोड, असा माझा संच. ओसारामुळे रीपर चोख बोलतं. ट्रॅकचं नाव, म्यूट, पीक लेव्हल, सगळं. घोडं अडतं ते त्याच्या आधी, माइकचा आवाज ज्यातून संगणकात जातो त्या पेटीपाशी, म्हणजेच ऑडिओ इंटरफेसपाशी. माझ्या जुन्या पेटीवर गेनचे, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा त्याचे, नॉब दोन्ही टोकांना अडायचे आणि कंडेन्सर माइकला वीज पुरवणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरचं बटण आत-बाहेर व्हायचं. बोट लावलं की कळलं. जास्त इनपुट हवेत म्हणून नवी शोधायला लागले.

विक्रेत्याला चॅटवर सरळ विचारलं, ‘एनव्हीडीएने गेन, फँटम पॉवर आणि डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज पेटीतून थेट हेडफोनमध्ये ऐकणं) मला स्वतः बदलता येईल का?’ उत्तर आलं, ‘हो मॅडम, पूर्ण ॲक्सेसिबल आहे, अनेक अंध ग्राहक वापरतात.’ सोबत डेमोची ध्वनिफीत. तीत स्क्रीन रीडर एकेक गोष्ट सांगत होता: ‘म्यूट, चेक बॉक्स, नॉट चेक्ड’, ‘फँटम पॉवर, चेक बॉक्स, चेक्ड’. आणखी काय हवं होतं? मागवून टाकला.

पेटीची सेटिंग संगणकावरून बदलायचा प्रोग्रॅम, म्हणजे कंट्रोल पॅनल, उतरवून घ्यायचं तर आधी पेटीचा सीरियल नंबर टाकून नोंदणी करावी लागत होती. ती केली. इन्स्टॉलर छान बोलला. अटी, पुढे, फिनिश, प्रत्येक बटण वाचलं. मग पॅनल उघडलं आणि एनव्हीडीए नुसतं ‘पेन’ म्हणाला, म्हणजे खिडकीचा एक भाग. टॅब दाबला, काही नाही. बाण दाबले, काही नाही. ऑब्जेक्ट नॅव्हिगेशनने, म्हणजे खिडकीतली एकेक गोष्ट चाचपायच्या एनव्हीडीएच्या सोयीने, आत शिरायला गेले तर आत काही नव्हतंच. सगळी खिडकी म्हणजे एक चित्र. एनव्हीडीए की आणि आर दाबून ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायला लावली. तेव्हा अक्षरं मिळाली: ‘गेन, गेन, ४८ व्ही, ४८ व्ही, इन्स्ट, इन्स्ट, म्यूट’. पण फँटम चालू की बंद? ते फक्त रंगावरून कळतं, आणि ओसीआर रंग सांगत नाही. त्या अक्षरांवर क्लिक करता येत होतं खरं, पण काय झालं ते कळायचा मार्ग नव्हता. गेनच्या स्लायडरवर तर अक्षरंही नाहीत.

म्हटलं, पेटीवरून करू. तर पेटीचा पुढचा भाग गुळगुळीत काच. बटणं म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या जागा, ना उंचवटा ना खाच. बोटांनी जागा शोधायला गेलं की वाटेत येईल ते चालू-बंद होणार. एकदा हेडफोनमध्ये ‘ठप्प’ झालं आणि कंडेन्सर माइक गप्प पडला. चाचपडताना फँटमच बंद झाली होती. गेनचा एकुलता एक नॉब गोल गोल फिरतच राहतो, कुठे अडत नाही, आणि तो कोणत्या चॅनलचा गेन बदलतोय हे दिवा सांगतो. म्हणजे मला कुणीच सांगत नाही.

मग ती ध्वनिफीत पुन्हा ऐकली. तिच्यात जितके चॅनल वाचले जात होते, तितके माझ्या पेटीत नव्हतेच. कंपनीला लिहिल्यावर उलगडा झाला: डेमो आधीच्या मॉडेलच्या पॅनलचा. त्यात विंडोजचे साधे चेक बॉक्स होते, नव्यात सगळं नव्याने रेखाटलंय. जुनं पॅनल नव्या पेटीला ओळखत नाही. ‘ॲक्सेसिबिलिटी आमच्या पुढच्या योजनेत आहे,’ असंही त्यांनी कळवलं. नव्याने करताना हे जमणार नव्हतं असंही नाही. ऑडिओचे प्रोग्रॅम ज्यात बनतात त्या ज्यूस फ्रेमवर्कमध्ये स्क्रीन रीडरचा आधार २०२१ साली, ६.१ आवृत्तीपासून आलेला आहे. या पॅनलमागे कोणतं फ्रेमवर्क असेल ते असो, कुणी लक्ष घातलं नाही एवढं नक्की.

परत घ्या म्हटलं, तर विक्रेता म्हणतो, वस्तूत तांत्रिक दोष नाही. शिवाय नोंदणी झाली, सोबतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर गेलं, म्हणजे वस्तू ‘वापरलेली’. खरी मेख इथे आहे. नोंदणी केल्याशिवाय पॅनल मिळत नाही, पॅनल मिळाल्याशिवाय ते बोलतं का ते कळत नाही, आणि नोंदणी केली की परतीचं दार बंद. चॅटमधलं वाक्य दाखवलं, तर उत्तर काय? ‘स्क्रीन रीडर चालतो असं सांगितलं होतं, इन्स्टॉलर वाचला ना त्याने?’

वर सल्ला मिळाला, एकदा कुणा डोळस माणसाकडून सेटिंग करून घ्या. एकदा! गाणारा बदलला की गेन बदलतो. कंडेन्सर काढून जुना रिबन माइक लावायचा असेल, तर फँटम बंद आहे याची खात्री हवी, नाहीतर माइकच जायची भीती. दर वेळी कुणाला हाक मारायची, तर स्वतःचं रेकॉर्डिंग स्वतः करण्यात राहिलं काय?

आता कुणी विचारलं तर मी सांगते की ‘ॲक्सेसिबल आहे का’ हा प्रश्नच टाकू नका, त्याला ‘हो’ म्हणणं फार सोपं आहे. कामं सांगा आणि ती करून दाखवा म्हणा: मॉनिटर बंद ठेवून, स्क्रीन रीडर चालू ठेवून, हेच मॉडेल, पॅनलची आजची आवृत्ती. फँटम चालू करा, बंद करा, गेन किती आहे ते वाचून दाखवा, सॅम्पल रेट ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झ करा. फर्मवेअरचं, म्हणजे पेटीच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट तर आवर्जून करायला लावा. ती खिडकी मुकी असली तर पेटी पहिल्याच दिवशी अडकून बसू शकते. परतीच्या अटींत नोंदणीबद्दल काय म्हटलंय ते लेखी घ्या. व्हीपॅट, म्हणजे उत्पादन किती ॲक्सेसिबल आहे ते सांगणारा तक्ता, पुढे केला तर तो नेमका कशाबद्दल आहे ते बघा. तो विकणाऱ्यानेच भरलेला असतो आणि कधी कधी नुसत्या वेबसाइटचा असतो.

शक्य असेल तर पॅनलची गरजच नसलेली पेटी घ्या: क्लास कम्प्लायंट (वेगळा ड्रायव्हर न टाकता चालणारी), प्रत्येक चॅनलला अडणारा नॉब, फँटम आणि मॉनिटरिंगला खटका. बोलणारं यंत्रच हवं असेल तर झूमच्या एसेन्शियल मालिकेतले रेकॉर्डर बघा. त्यांचे मेनू आवाजात ऐकू येतात, ते यूएसबीने संगणकाला जोडता येतात, आणि अगदी हळू ते अगदी मोठा आवाज टिपणाऱ्या ३२-बिट फ्लोट रेकॉर्डिंगमुळे रेकॉर्ड करताना गेनची चिंताच राहत नाही.

माझी पेटी अजून माझ्याकडेच आहे. मध्यंतरी कंपनीने विचारलं, पुढच्या पॅनलसाठी विनामूल्य बीटा टेस्टर व्हाल का. परताव्याचं काय, असं मी उलट विचारलं आहे. त्यावर अजून उत्तर नाही.