मॉडेल किट: कोलेस्टेरॉलला तीन कार्बन कमी, तरीही घ्याच

ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवताना हाताशी असावं म्हणून हे प्लॅस्टिकचं मॉडेल किट घेतलं, त्याला दोन वर्षं झाली. काळे कार्बन, पांढरे हायड्रोजन, लाल ऑक्सिजन. कार्बनच्या भोकांमधला 109.5 अंशांचा कोन अजून जराही ढिला पडलेला नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

पहिल्या तासाला मी सायक्लोहेक्झेन, म्हणजे सहा कार्बनांची रिंग, जोडायला लावते. एक टोक वर, समोरचं खाली ढकललं की चेअर (रिंगचा खुर्चीसारखा आकार) उलटते आणि ॲक्सियल (सरळ वर किंवा खाली असलेले) हायड्रोजन इक्वेटोरियल (कडेने बाहेर वळलेले) होतात. फळ्यावर कितीही वेळा काढा, हे मुलांच्या डोक्यात शिरत नाही. हातात घेतलं की शिरतं. मग मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजनांचा गट) लावायचा. तो ॲक्सियल असला की त्याच बाजूच्या दोन हायड्रोजनांच्या इतका जवळ येतो की मध्ये बोट घालायला जागा उरत नाही. खोलीच्या तापमानाला सुमारे 95 टक्के रेणूंत मिथाइल इक्वेटोरियल असतो, तो या दाटीमुळेच. गोळे खऱ्या अणूंच्या मानाने लहान आहेत, त्यामुळे ही दाटी दिसते त्याहून जास्त असते, हे मात्र तोंडी सांगावं लागतं.

या किटचं खरं चीज होतं ते डेकॅलिनला, म्हणजे एका बाजूने जोडलेल्या दोन सहा-कार्बनी रिंगांना. सिस (जोडावरचे दोन हायड्रोजन एकाच बाजूला) सहज उलटतं. ट्रान्सवर (ते विरुद्ध बाजूंना) जोर केला तर बाँडच सुटून हातात येतो, रिंग काही उलटत नाही. स्टेरॉइडमध्येही (कोलेस्टेरॉलसारखे चार रिंगांचे रेणू) ट्रान्स जोडलेल्या रिंगा अशाच जखडलेल्या असतात, म्हणून प्रत्येक गटाची जागा पक्की. इक्वेटोरियल हायड्रॉक्सिलचं (OH गटाचं) एस्टर (आम्लाशी जोडून होणारं संयुग) लवकर होतं, ॲक्सियलचं रखडतं, ते का, हे रसायनशास्त्रज्ञ डेरेक बार्टन यांनी 1950 साली एका छोट्याशा लेखात उलगडून दाखवलं. 1969 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना ऑड हॅसल यांच्यासोबत मिळालं. बार्टन यांचं पुढचं कामही मोठं आहे, पण मला तो छोटा लेखच सर्वांत प्रिय. माझी मुलं त्यातला मुद्दा आता पाठ न करता सांगतात.

तक्रारी दोन. डबल बाँडचे वाकडे तुकडे फार ताठ आहेत, बसवताना नखं दुखतात. आणि डब्यात कार्बन 24 च, कोलेस्टेरॉलला लागतात 27. मी शेपटी सोडून 19 कार्बनांचा सांगाडा करते. पूर्ण रेणू हवा असेल तर दोन डबे घ्या.