चर्चची उपासना की सर्वधर्मीय सहभागी उपासना: निवड करताना

चर्चमध्ये मन लागत नाही, म्हणून सर्व धर्मांच्या लोकांनी मिळून केलेल्या, प्रत्येकाला बोलायला मिळेल अशा उपासनेकडे वळावं का? हा विचार मनात असेल तर आधी नेमकं काय खुपतंय ते शोधा. नुसतं बाकावर बसून ऐकणं खुपतंय, की जे म्हटलं जातं ते आता पटेनासं झालंय? दोन्ही दुखणी वेगळी आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात.

नुसतं ऐकणं नको झालं असेल, तर त्यासाठी धर्म ओलांडायची गरज नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी सतराव्या शतकापासून शांत बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. त्यांच्या मूळ पद्धतीत पाळकच नसतो. फ्रान्समध्ये 1940 साली सुरू झालेल्या तेझे या ख्रिस्ती समुदायात छोट्या ओळी पुन्हा पुन्हा गातात, मग बराच वेळ मौन. कॅथलिकांची मुख्य उपासना, म्हणजे मिस्सासुद्धा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, 1962–65) लोकांच्या भाषेत आली आणि धर्मगुरू नसलेली साधी माणसं बायबलमधली वाचनं करू लागली. असं काही जवळपास मिळतं का, ते आधी बघा.

श्रद्धेचाच प्रश्न असेल किंवा जोडीदार वेगळ्या धर्माचा असेल, तर सर्वधर्मीय उपासना खरोखर मोकळं करते. अशा एका सभेत आम्ही गोल बसलो होतो. मध्ये पाण्यानं भरलेलं काचेचं भांडं. ज्याला वाटेल त्यानं मनातलं सांगायचं आणि एक खडा पाण्यात सोडायचा. एक गृहस्थ उठले, काहीच बोलले नाहीत, खडा सोडला आणि जागेवर जाऊन बसले. कुणी घाईनं गाणं सुरू केलं नाही, कुणी चौकशी केली नाही. चर्चमध्ये त्या माणसाला अशी जागा मिळाली असती असं मला वाटत नाही.

पण चर्चकडे एक गोष्ट आहे जिची किंमत मला फार उशिरा कळली. तिथली वाचनं कुणाच्या आवडीवर ठरत नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये आणि इतर अनेक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, त्यामुळे नको असलेला, बोचणारा उताराही समोर येतोच आणि पाळकाला त्यावर बोलावं लागतं. सर्वधर्मीय सभेत उतारे आयोजक निवडतात, आणि निवडताना सगळ्यांना रुचेल तेच निवडलं जातं. प्रेम, शांती, प्रकाश. न्यायनिवाडा, पाप, त्याग यांच्या वाटेला कुणी जात नाही. मला हे खटकतं. धर्मांमधलं नेमकं अवघड तेवढं काढून टाकलं की उरतं ते कुठल्याच धर्माचं नसतं.

म्हणून तिथे जाल तेव्हा एवढं जरूर बघा: ज्या धर्माची प्रार्थना म्हटली जाते, त्या धर्माचं कुणी माणूस तिथे आहे का? इटलीतल्या असीसीला 27 ऑक्टोबर 1986 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी अनेक धर्मांच्या प्रमुखांना बोलावलं, तेव्हा प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं प्रार्थना केली. सगळ्यांची मिळून एक प्रार्थना बनवली नाही. मला ती रीत जास्त प्रामाणिक वाटते.

नियमांचं थोडक्यात. तुम्ही कॅथलिक असाल तर अशा सभेला गेल्यानं रविवारच्या मिस्साचं बंधन पूर्ण होत नाही. बाप्तिस्मा, प्रभुभोजन हेही तिथे मिळणार नाही. मुलांच्या बाबतीत दोन्हीकडे सोय सारखीच कमी-जास्त असते, ती स्वतः जाऊन बघावी.

दोन्हीकडे निदान महिनाभर जा. एका भेटीत नावीन्यच दिसतं. आणि एक प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारा: इथलं कुणी वारलं तर तुम्ही काय करता? आईच्या अंत्यविधीला स्तोत्र म्हणताना माझा आवाज दुसऱ्या ओळीलाच बसला. मागच्या बाकांवरच्यांना ते पाठ होतं, त्यांनी ते शेवटपर्यंत नेलं. खड्यांच्या त्या सभेतही मी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, आम्ही घरी येऊन तुमच्याबरोबर बसू, तुम्ही सांगाल ते म्हणू. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मला काही सांगता आलं नसतं. तुम्हाला येईल का, हे तुम्हीच जाणता.