ड्युबिया की मीलवर्म? घरात ॲलर्जी असेल तर

लेपर्ड गेको या पाळीव पालीला केस नसतात, म्हणून ॲलर्जीवाल्या घरात तो बिनधास्त चालेल, हे अर्धंच खरं. गेकोमुळे त्रास क्वचित होतो. शिंका, डोळ्यांची खाज, मनगटावर उठणाऱ्या गांधी यांचं मूळ बहुधा त्याच्या खाद्याच्या, म्हणजे जिवंत किड्यांच्या, डब्यात असतं. धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव), झुरळ किंवा कोळंबी यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. या सगळ्यांत आणि खाद्यकिड्यांतही ट्रोपोमायोसिन हे जवळजवळ सारखं प्रथिन असतं. त्यामुळे 'ॲलर्जीमुक्त किडा' असा मिळणार नाही. ड्युबिया हे एका जातीचं झुरळ आणि मीलवर्म ही भुंग्याची अळी, यांत निवड करायची ती कमी धुळीची.

रातकिडे मी बाजूलाच ठेवतो. आवाज, वास आणि रोज मरणारे दोन-चार, एवढं कारण पुरे.

ड्युबियाची बाजू तशी भक्कम आहे. अंगाने भरलेला, गुळगुळीत प्लॅस्टिकवर न चढणारा, एकदा कॉलनी बसली की विकत आणायची गरज नाही. माझं मत फिरलं ते चाळण्यावरून. पैदाशीसाठी डबा 30 अंशांच्या आसपास उबदार ठेवावा लागतो आणि त्या उबेत लेंड्या नि कात वाळून भुकटी होते. ती वेळच्या वेळी काढावी, तर दोन-तीन मिलिमीटरची पिल्लं त्याच भुकटीत दडलेली असतात आणि चाळणीतून खाली पडतात. मग ती हाताने वेचा. म्हणून चाळणं पुढे ढकललं जातं, थर बोटभर होतो आणि पुढच्या वेळी झाकण उघडताच ढग उठतो. सुरुवातीचे काही महिने काहीच होत नाही, हीच फसगत; संवेदनशीलता हळूहळू वाढते.

मीलवर्म ज्यात ठेवतात तो कोंडाही उडतोच, पण इथे कॉलनी करायची गरज नाही. एका प्रौढ गेकोला दिवसाआड 8-10 धरले, तर महिन्याला 150 पुरतात. ते फ्रिजमध्ये 8-10 अंशांवर, भोकं पाडलेल्या डब्यात वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. वाढ जवळपास थांबते, खाणं थांबतं, लेंड्याही. आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून गाजराची चकती द्यावी. गाजर उरलं तर काढून टाकावं, नाहीतर पावसाळ्यात कोंड्यात माइट होतात आणि ते स्वतःच ॲलर्जी देतात. नवा कोंडा दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच वापरावा. सुपरवर्म (दिसायला तशाच, पण मोठ्या अळ्या) मात्र फ्रिजमध्ये मरतात, गल्लत करू नये. मीलवर्ममध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, त्यामुळे कॅल्शियम पावडर लावणं टाळता येत नाही. एका गेकोच्या घरासाठी मला तरी हाच मार्ग सोपा वाटतो.

वाढत्या बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे पाळीव सरड्याचं, गणित वेगळं. त्याला किडे भरपूर लागतात आणि नुसत्या मीलवर्मवर त्याला वाढवू नये. तिथे ड्युबियाच बरा. मग डबा झोपण्याच्या खोलीत नको. चाळणं गॅलरीत, वाऱ्याकडे पाठ करून, एन-95 मास्क, नायट्राइल हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. भुकटी थेट पिशवीत बांधावी, सांडलेली ओल्या फडक्याने टिपावी. झाडूने ती पुन्हा हवेत जाते. आणि चाळल्यावर छातीत घरघर झाली, तर मास्क बदलून बघत बसू नये. डॉक्टरांना नेमका कोणता किडा पाळलाय ते सांगावं आणि कॉलनी घराबाहेर काढावी.