हळदीचं ज्ञान: भांडून सोडवावं की आधीच लिहून ठेवावं?

गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) प्रमुख असताना हळदीची लढाई झाली. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेने 1995 मध्ये देऊन टाकलं होतं. सीएसआयआरने हा वापर नवा नाही याचा पुरावा म्हणून जुने ग्रंथ पुढे केले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. विजय मोठाच. पण हा मार्ग खर्चिक, शिवाय चोरी झाल्यानंतरचा. दर वेळी कोण धावणार?

दुसरा मार्ग 2001 मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञान डिजिटल लायब्ररीचा. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानीत मांडलेली. पेटंट तपासणारा अधिकारी ती पाहून अर्ज तिथेच अडवू शकतो. मला हाच मार्ग पटतो.

उणीव एकच, पण मोठी: हा संग्रह मुख्यतः ग्रंथांवर उभा आहे. गोव्यातल्या सत्तरी, काणकोणच्या रानातली मुळं ओळखणाऱ्या आज्यांचं ज्ञान पोथीत सापडत नाही. त्याची नोंद त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी, मराठी-कोंकणीत व्हायलाच हवी, आणि गावातल्या मुलांना ती फुकट वाचता यायला हवी. पेटंट कार्यालयांबाहेर हा संग्रह टप्प्याटप्प्याने खुला करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2022 मध्ये मान्यता दिली. माझ्या मते फारच उशिरा.