मालदीव: सीप्लेनवालं रिसॉर्ट की स्पीडबोटवालं?

मालदीवचं बुकिंग करताना सगळे आधी व्हिला बघतात, पाण्यावरचा की किनाऱ्यावरचा, आणि मालेहून, म्हणजे राजधानीजवळच्या एअरपोर्टवरून, तिथवर जायचं कसं हे सगळ्यात शेवटी. मी पण तेच केलं होतं. दोनदा जाऊन आलोय, एकदा सीप्लेनने (पाण्यावर उतरणारं विमान), एकदा स्पीडबोटने, म्हणून लिहितोय.

सीप्लेनला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. छोटंसं ट्विन ऑटर विमान, पायलट चक्क अनवाणी, आणि खाली निळ्या पाण्यात प्रवाळाची कंकणं. लांबच्या अटॉलमधे (प्रवाळ बेटांच्या कड्यात) गर्दी पण कमी. बा अटॉलला हनिफारू खाडीतले मांटा रे, म्हणजे ते पंखांसारखे पसरट मोठे मासे, बघायचे असतील तर मालेहून बोटीने अंग खिळखिळं होईल.

पण सीप्लेन अंधारात उडत नाही. हे मी वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. आमचं विमान कागदावर तीनला उतरणार होतं, ते आलं उशिरा, मग इमिग्रेशनची रांग, मग बॅगा, आणि काउंटरवर पोचलो तर शेवटची फेरी गेलेली, उद्या सकाळी या म्हणे. रात्र काढली एअरपोर्टजवळच्या हुलहुमालेत, आणि तिकडे पैसे भरलेला व्हिला रिकामा. चार रात्रींतली एक अशीच गेली ना राव! बरं, सीप्लेन किती वाजता सुटणार ते आदल्या संध्याकाळी कळतं. परतीला सकाळीच आणून सोडलं आणि आमची फ्लाइट रात्रीची, दिवसभर एअरपोर्टवर बसून.

स्पीडबोटच्या वेळी रात्री उतरलो, जेट्टी एअरपोर्टच्या दारातच, तासाभरात जेवायला बसलो. वरून काही दिसत नाही हे खरं, आणि मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो तेव्हा बोट आपटते पण, मागच्या सीटवर बसा, दणके कमी लागतात. रिसॉर्ट मालेच्या जवळ असल्याने अधूनमधून डोक्यावरून विमान जातं, मला तरी त्याचा त्रास झाला नाही.

आता ज्याची त्याची आवड. आठवडाभर जाताय आणि सकाळी उतरताय तर सीप्लेन घ्या खुशाल. तीन-चार रात्रीच असतील, लँडिंग दुपारनंतरचं असेल, तर मी बोटवालंच बघेन. लांबच जायचं असेल तर डोमेस्टिक फ्लाइट आणि पुढे बोट असं पण जमतं, ती विमानं अंधार पडल्यावरही जातात.

आणि हो, बऱ्याच रिसॉर्टांची घड्याळं मालेच्या एक तास पुढे असतात, परतीची वेळ सांगतील तेव्हा कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्या.